शमीमबाईंची तेवीस नावं

शमीमबाई कुणालाही ‘जेवलीस का?’ असं विचारायच्या नाहीत. ‘काय जेवलीस?’ असं विचारायच्या. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, “‘जेवलीस का’ म्हटलं की पोरगी ‘हाव’ म्हणून मोकळी होते. ‘काय जेवलीस’ म्हटलं की खोटं बोलायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात तोंड बघून घ्यायचं.”

मी आता राजकोटला एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. इथं मराठी बोलायला कुणी नाही. नववी अर्ध्यात सुटली, त्यामुळं लिहायला बसलं की हात आखडतो. शिकलेल्या माणसाच्या हाती हे पडलं तर काय म्हणेल, ही धास्ती सारखी असते. पण शमीमबाईंबद्दल लिहायला दुसरं माणूस कुठून आणू? ज्यांनी त्यांच्या हाताखाली मार्क मिळवले, त्यांना त्या क्लासच्या मॅडम म्हणून ठाऊक आहेत. आमच्या वाट्याला आल्या त्या वेगळ्या.

भूकंपात ज्यांचं कुणी उरलं नाही, किंवा उरलं पण सांभाळायला तयार नव्हतं, अशा आम्ही तेवीस मुली लातूरच्या एका वसतिगृहात होतो. मागं दालमिल होती. दिवसभर तिचा घरघराट चालायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर भुशाचा पिवळा थर बसायचा. सुरुवातीला त्या घरघराटानं आम्ही दचकून अंगणात पळायचो. मग सवय झाली. धर्मादाय म्हणून जी तूरडाळ यायची तिच्यात खडे फार. रविवारी सकाळी आम्ही परातीभोवती गोल करून खडे वेचायचो. त्या गोलात एका रविवारी एक उंच, किडकिडीत बाई येऊन मांडी घालून बसल्या. डोक्यावर पदर, तोंडात लवंग, खांद्याला कापडी पिशवी. कुणी बोलावलेलं नव्हतं.

“मी शमीम,” त्या म्हणाल्या. “नांदेडची. इथं क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. तुम्हाला इंग्रजी शिकवू का गोष्ट सांगू?”

आमच्यात सुनंदा सगळ्यात चुणचुणीत. डोळे परातीवरून न काढता म्हणाली, “गोष्ट सांगा. इंग्रजी कुठं पळून चाललंय?”

बाई एवढ्या हसल्या की लवंग घशात जायची राहिली. पिशवीतून त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं. पुस्तक इंग्रजी, पण त्या वाचायच्या मराठीत. डोळे ओळीवर आणि तोंडातून आमची भाषा, मधे थांबणं नाही. त्यांच्या मराठीत नांदेडची दखनी उर्दू सहज मिसळलेली असायची. वडील जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. रद्दीत आलेली जुनी इंग्रजी पुस्तकं ते घरी आणून शिवायचे आणि ही पोरगी शिवणीतला डिंक वाळायच्या आत ती वाचून काढायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या. त्यांतल्या बहुतेकींत एक मोहताजखाना असायचा. हा बाईंचाच शब्द. कुणाचंच कुणी नाही, पोटाला नाही, असल्यांना सरकार जिथं कोंडून ठेवतं ते घर.

“तिथं शिरलं की केस कापायचे,” बाई सांगायच्या. “सगळ्यांना एकसारखे कपडे. मायला एका बाजूला, लेकराला दुसऱ्या बाजूला. आणि काम काय, तर जुने दोर उसवायचे. बोटं सोलून निघायची.”

“म्हणजे आपलं वसतिगृह,” एकजण बोलली.

आमच्या अधीक्षिका, ज्यांना आम्ही मोठ्या ताई म्हणायचो, त्या तिथंच ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं. “काय शिकवून राहिल्या हो बाई पोरींना?”

“न्हाई ताई,” सुनंदा म्हणाली, “तिथं दोर उसवतात. आपण खडे वेचून राहिलो.”

सगळ्या फिस्सकन हसल्या. मोठ्या ताईंनाही ओठ दाबावे लागले.

बाईंची एक खोड होती. गोष्टीत जेवणाची वेळ आली की त्या वाचणं थांबवायच्या. “आता नीट ऐका,” असं म्हणून वाडग्यात काय होतं, पळी किती खोल बुडाली, पाव कुठल्या बाजूनं कापला, हे सगळं दोनदा वाचायच्या. बाकीचं त्या भराभर उरकायच्या, डोंगर, धुकं, राजवाडे, घोडागाड्या. पण पळी आली की आवाज खाली यायचा. आणि मग आम्हाला विचारायच्या, “खरं वाटतं का?”

हे कुणी कधी विचारलं नव्हतं आम्हाला. पुस्तकातलं खरं आहे का, हे आम्ही ठरवायचं!

एका गोष्टीत मोहताजखान्यातलं एक उपाशी पोरगं मरायला टेकलेलं असतं. मरताना ते आपल्या दोस्ताशी लांबलचक बोलतं, देवाघरी भेटू म्हणतं, सगळ्यांना माफ करतं. बाईंनी छान वाचलं. दोघी-तिघी रडायला लागल्या. सुनंदा खडे वेचतच होती. तिचा डावा हात कोपरात वाकडा जुळलेला, भूकंपानंतर तंबूत घाईघाईनं बांधलेला, म्हणून ती परात नेहमी उजव्या बाजूला ओढून घ्यायची.

“बाई, हे खोटं हाय,” ती म्हणाली.

“का गं?”

“भूक लागल्यावर एवढं बोलवत न्हाई. तंबूत होते तवा दोन दिस मी गप्पच होते. बोललं की पोटात दुखायचं.”

बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्या पानाच्या कडेला उर्दूत काहीतरी लिहिलं. मग आम्हाला वाचून दाखवलं, “सुनंदा सांगते, उपाशी पोर बोलत नाही.” त्या पुस्तकांच्या कडा अशा आमच्या बोलण्यानं भरत गेल्या. कोण म्हणालं, त्याचं नावही असायचं. माझंही दोन ठिकाणी आहे. काय म्हणाले होते ते आठवत नाही, पण आहे.

“लेखकाला माफ करा,” त्या दिवशी बाई म्हणाल्या. “त्याला वाचणाऱ्याला रडवायचं होतं. पोरगं गप्प बसून मेलं असतं तर वाचणाऱ्यानं पान उलटलं असतं. त्यानं निदान पान उलटू दिलं नाही.”

त्यांचं हे असं होतं. त्या पुस्तकांवर त्यांचा जीव होता आणि त्यांच्याशी त्या भांडायच्याही. त्या कादंबऱ्यांत मुलांना वाढणारा माणूस नेहमी गलेलठ्ठ, लाल तोंडाचा, कोटाला चकचकीत बटणं असलेला. एकीनं विचारलं, “मग आपल्या मोठ्या ताई कशा बारीक हायत?” बाई म्हणाल्या, “हौ ना बेटा! खऱ्या दुनियेत वाढणारं माणूस पण दमलेलं असतं. तुमच्या ताई तुमच्या मागून जेवतात, पातेलं खरडून. पण पुस्तकवाल्याला एक दुष्ट लागतो. नाहीतर वाचणाऱ्यानं राग कुणावर काढायचा? स्वतःवर?” मोठ्या ताई दाराआड ऐकत असाव्यात. त्या दिवशी बाईंच्या चहात दूध जास्त होतं.

पण त्याच ताईंशी त्यांचं एकदा मोठं वाजलं. आमच्या जेवणघरात एक फळा होता. ‘आजचे भोजन’ असं वर रंगानं लिहिलेलं आणि खाली खडूनं नाव. कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध. ज्यांच्यातर्फे जेवण असेल ते घरचे लोक यायचे, आम्ही ताटं पुढ्यात घेऊन आभाराचं गाणं म्हणायचो, ते फोटो काढायचे, मग जेवायचं. पाहुणे येईपर्यंत घासाला हात लावायचा नाही. नियम असा कुठं लिहिलेला नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता.

त्या रविवारी दुपारी फळ्यावर एका व्यापाऱ्याच्या नातवाचं नाव होतं. ताटात पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. बारा वाजता वाढलं. एक वाजला. पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या. शिऱ्यावर तूप गोठलं. पहिलीतली एक लहानगी ताटाकडं बघत बघत आपलंच बोट चोखायला लागली. बाई पुस्तक घेऊन आल्या तेव्हा तेवीस मुली ताटांपुढं हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

“कुणाची वाट बघून राहिल्या?”

“पाहुण्यांची,” मोठ्या ताई म्हणाल्या. “निघालेत म्हणं.”

बाईंनी चपला काढल्या. त्या लहानगीच्या शेजारी जाऊन बसल्या. तिच्या ताटातल्या पुरीचा तुकडा मोडला, शिऱ्यात बुडवला, ‘बिस्मिल्ला’ म्हणून स्वतःच्या तोंडात घातला आणि चावता चावता म्हणाल्या, “पाहुणी आली. जेवा गं.”

आधी कुणी हललं नाही. मग सुनंदानं पुरी उचलली. आणि मग जे जेवलो आम्ही! पाहुणे आले तेव्हा ताटं धुवायला गेलेली होती. बाळाला कडेवर घेऊन फोटोसाठी ते उभे राहिले, पण फोटोत ताटं नव्हती. ती मंडळी तशीच निघून गेली. मोठ्या ताई भिंतीला टेकून रडल्या. “तुमचं काय जातंय बाई? उद्या ह्यांनी पाठवलं न्हाई तर मी काय घालू पोरींच्या तोंडात? तुमची गोष्ट?”

संस्थेनं त्यांचं येणं बंद केलं. तीन रविवार गेले. चौथ्याला त्या आल्या ते माफीनामा घेऊन. एवढ्या सुरेख अक्षरात, ‘माझ्या अविचारी वर्तनामुळे मान्यवर दात्यांच्या भावनांस ठेच पोहोचली’ अशा थाटात लिहिलेला की संस्थेच्या सेक्रेटरींनी तो इतरांना दाखवायला जपून ठेवला म्हणे. आम्हाला वाईट वाटलं. बाईंनी माफी का मागावी? तर म्हणाल्या, “कागदावर वाकायला काय जातंय, बेटा? तुमचा रविवार वाचला.”

हे त्यांचं वाक्य मला पुढं फार छळत राहिलं.

त्या पुस्तकांबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. प्रत्येक पुस्तकाची शेवटची काही पानं बाईंनी दाभणानं शिवून टाकली होती. जाड मेणदोऱ्याचे टाके, कडेनं, बाप जिल्दसाज असल्याचं दिसावं इतके सारखे. आम्ही विचारलं की गोष्टीचं शेवटी काय झालं, तर त्या सांगायच्या नाहीत. एकदा फार मागं लागलो तेव्हा बोलल्या.

“सगळ्यांचा शेवट एकच असतो. एक श्रीमंत भला म्हातारा येतो. त्याला ते एक पोरगं आवडतं. मग कळतं की ते मोठ्या घरचंच होतं, चुकून मोहताजखान्यात पडलं होतं. त्याला गाडीत घालून नेतात. मऊ बिछाना, दूध, पुस्तकं. आणि वाचणारा खुश.”

“मग चांगलंच झालं की,” मी म्हणाले.

“आणि बाकीची? ज्या लांब टेबलावर हा बसायचा तिथं अजून पन्नास पोरं बसलेली असतात. त्यांचं काय झालं, ते लेखकानं कुठं लिहिलंच नाही. गाडी निघाली की मोहताजखाना पुस्तकातून गायब!” त्यांचा आवाज चढला होता. “मी लहानपणी हे वाचून खुश व्हायची. मग एक दिवस वाटलं, मी पण त्या गाडीत बसून चालले. मागं वळून बघत नाही. त्या दिवशी दाभण घेतलं.”

सुनंदा म्हणाली, “पर एक तरी सुटलं ना बाई.”

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. पेन्सिल काढली नाही त्यांनी.

आठवड्याच्या बाकी दिवशी त्या काय करायच्या, ते आम्ही एकदाच पाहिलं. त्या आपली छत्री विसरल्या होत्या, ती द्यायला सुनंदा आणि मी क्लासवर गेलो. तेव्हा लातुरात दर दुसऱ्या इमारतीवर क्लासची पाटी होती आणि पाटीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. वरच्या मजल्यावर एका हॉलमध्ये एवढी मुलं दाटीवाटीनं बसलेली की भिंती दिसत नव्हत्या. आणि बाई माईकवर तेच सांगत होत्या. मोहताजखाना. तो धडा त्या मुलांना अभ्यासाला होता.

“लिहा. लेखकानं बालकांच्या उपासमारीचं चित्रण कसं केलं आहे? मुद्दा एक, अपुरं अन्न. मुद्दा दोन, अधिकाऱ्यांचा निष्ठुरपणा. मुद्दा तीन...”

सगळ्या माना खाली. नुसता पेनांचा आवाज. पळी किती खोल बुडाली, ते त्यांनी सांगितलं नाही. एका पोरानं हात वर केला. आम्हाला वाटलं, हा विचारणार. तो म्हणाला, “मॅडम, हे पाच मार्काला येईल का आठ?”

“पाचला,” बाई म्हणाल्या. “आठला आलं तर उपहास घाला.”

आम्हाला दारात बघून त्या चोरी पकडल्यासारख्या झाल्या. छत्री घेतली आणि जिन्यात येऊन म्हणाल्या, “पोटासाठी करते गं.” सुनंदा मात्र हॉलमध्येच बघत होती. परतताना ती एकदम म्हणाली, “कमल, मला तिथं बसायचंय. दाटीत. मला हाडांची डॉक्टर व्हायचंय.” आणि आपला वाकडा हात पुढं धरून म्हणाली, “हा असा न्हाई जुळवणार मी कुणाचा.”

पुढच्याच वर्षी ती वेळ आली. सुनंदा दहावीला, मी आठवीला. क्लासच्या मालकांनी ठरवलं की भूकंपातल्या एका अनाथ मुलीचं पुढचं सगळं शिक्षण आपण करायचं. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, डॉक्टर होईपर्यंत. तिचा फोटो क्लासच्या पाटीवर लागणार होता, पण लागेना का. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, “मॅडम, तुम्ही त्या मुलींना ओळखता. सोमवारपर्यंत एक नाव द्या.”

आमच्यात कुणाला शंकाच नव्हती. सुनंदाचं नाव. आम्ही तिची उशी कुणी घ्यायची तेही ठरवून टाकलं. मोठ्या ताईंनी तिच्यासाठी दोन नवे परकर शिवले. सुनंदा वरवर म्हणायची, “अजून कुठं काय ठरलंय,” पण वह्यांना कव्हरं घालत बसायची.

त्या रविवारी बाई आल्या तेव्हा पुस्तक आणलं नव्हतं. परातीजवळ बसल्या आणि एकेकीचा चेहरा बघत राहिल्या. लहानग्या त्यांच्या अंगावर रेलल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “बाई, मला बी जायचंय. मी बी डॉक्टर व्हईन.” दुसरी म्हणाली, “मी बी.” गंमत म्हणून सगळ्याच ओरडायला लागल्या, मी बी, मी बी. मीही ओरडले. खोटं कशाला सांगू, मी गंमत म्हणून ओरडले नव्हते.

बाई तशाच उठून गेल्या.

सोमवारी त्यांनी मालकांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यात तेवीस नावं होती. मार्कांप्रमाणं नाही, आमच्या खाटा ज्या ओळीनं होत्या त्या ओळीनं. सुनंदाचं एकोणिसावं. माझं चौदावं. खाली लिहिलं होतं, ‘यांतल्या प्रत्येकीला शिकायचं आहे. एकीचं नाव देणं माझ्या हातून होणार नाही.’

हे सगळं त्यांनीच आम्हाला येऊन सांगितलं. लपवलं नाही. मालक कागद बघून हसले आणि म्हणाले, “मॅडम, मी क्लास चालवतो, धर्मशाळा नाही.” बाई हटल्या नाहीत. मालकांनी दुसऱ्या एका संस्थेतून एक मुलगी घेतली. तिचा फोटो पाटीवर लागला. ती मुलगी चांगली शिकली म्हणतात. बाई रोज सकाळी त्या पाटीखालून कामाला जात राहिल्या.

कागदावर वाकायला काय जातंय म्हणणाऱ्या बाई त्या एका कागदावर का वाकल्या नाहीत? मी पुष्कळ विचार केला. माफीनामा लिहिताना त्यांचं स्वतःचं नाक खाली जात होतं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. इथं बावीस पोरी मागं ठेवून गाडी निघणार होती. आणि ती गाडी त्यांनी स्वतःच्या हातानं हाकायची होती. मला एवढंच कळतं.

आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, हुशार मुलींच्या कुठल्या यादीत माझं नाव त्याआधी कधी आलं नव्हतं, नंतरही नाही. मी गणितात दोनदा नापास झालेली. त्या चौदाव्या नंबरासाठी मी बाईंचे उपकार जन्मभर मानीन. आणि ते मानताना दर वेळी सुनंदाची कव्हरं घातलेल्या वह्यांची चळत डोळ्यांपुढं येते. माझं नाव तिथं मावलं, म्हणून तिचं वाहून गेलं.

दहावीची परीक्षा झाली आणि सुनंदाचा चुलता आला. तिकडं नांदेडच्या पुढं हदगावला स्थळ बघितलं होतं. बाईंना कळलं तशा त्या धावत आल्या. पदर खांद्यावर पडलेला, आम्ही पहिल्यांदाच त्यांचे केस पाहिले, पांढरे होते.

“हिला मी ठेवून घेते,” त्या चुलत्याला म्हणाल्या. “माझ्या घरी. बारावीपर्यंत मी शिकवते. लग्न तुम्ही नंतर करा.”

चुलता वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. बाईंकडं बघून हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या घरी? बाई, तुमचं मन मोठं हाय. पर आमच्यात ते जमायचं न्हाई. पाव्हणे काय म्हणतील?”

बाईंनी मोठ्या ताईंकडं पाहिलं. मोठ्या ताई खाली बघत होत्या. सुनंदानं आपली पेटी उचलली, वाकडा हात खाली लावून. जाताना बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिला उठवलं नाही, त्यांना ते सुचलंच नसावं. एस.टी. निघून गेल्यावर भुशाचा धुरळा बसेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. त्या वर्षी दिवाळीनंतर मामानं मला गुजरातेत नेलं. माझी शाळा तिथंच संपली.

मग पुष्कळ वर्षांनी, कागदपत्रांच्या कामासाठी मी लातूरला आले होते, तिथून नांदेडला गेले. बाई क्लास सोडून वडिलांच्या घरी परतल्या होत्या. घर शोधून काढलं. दार उघडताच त्या म्हणाल्या, “कमल! बरं झालं आलीस. मला हदगावला जायचंय. एकटीचा धीर होत नव्हता.” पाय सुजलेले होते, चपलेत मावत नव्हते. तसल्या पायांनी त्या एस.टी.त चढल्या. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. त्या नुसती लवंग चावत होत्या.

सुनंदाचं घर पत्र्याचं. ओसरीत सोयाबीनची पोती. नवरा बाजारात हमाली करायचा. तिनं मला पाहिलं, कुठं कामाला ते विचारलं आणि म्हणाली, “अगं बया! लई सुटलीस की गं. दवाखान्यातल्या आजाऱ्यांची खिचडी तूच खातीस वाटतं!” बाईंना तिनं पाट दिला. लगेच चूल पेटवून भाकरी थापायला बसली. एका हातावर भाकरी नाचवायची तिची अजब तऱ्हा होती, वाकड्या हाताची तिनं काही तक्रार ठेवलेली नव्हती. तिची मुलगी आरती दाराशी उभी राहून आम्हाला न्याहाळत होती.

“सुनंदा,” बाई म्हणाल्या, “मी चुकले.”

सुनंदानं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. मग म्हणाली, “हाव. चुकलात.”

मी जमिनीकडं बघत राहिले.

“लई वर्षं मी मनाला सांगायची, बाईनं बरोबर केलं,” सुनंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसतं सांगत होती. “सगळ्या पोरींची नावं लिहिली, एकीलाच कसं उचलतील? मग ही आरती झाली. मग म्हणायला जमंना.”

“हाव,” बाई एवढंच म्हणाल्या. त्यांनी आपली बाजू मांडली नाही.

“तू कशाला तोंड पाडून बसलीस गं?” सुनंदा मला म्हणाली. “तुझ्यावर न्हाई राग. घे, गरम हाय तवर खा.”

बाईंनी वाढलेलं सगळं खाल्लं. मग विचारलं, “आरती कितवीत?”

“सहावीत. हुशार हाय. पर हितं शाळेत कोण शिकवतंय?”

“मी येत जाईन. रविवारी.”

“बाई, पाय बघा की तुमचे.”

“मला काय पायानं शिकवायचंय?”

आणि त्या दिवशीच त्यांनी सुरुवात केली. आतल्या खोलीत आरतीला घेऊन बसल्या. मी अंगणात ताटं घासत होते. बाईंना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं, पुढच्या वर्षी त्या गेल्याचं सुनंदानं फोनवर सांगितलं. तोवर एक रविवार चुकला नव्हता म्हणे.

आतून इंग्रजीचा आवाज ऐकून गल्लीतल्या पोरी जमल्या. पाच-सहा असतील. एकीच्या कडेवर भाऊ होता. त्या उंबऱ्याशी येऊन आत डोकावायला लागल्या. मला हसू आलं. आता बाई म्हणणार, या गं, गोल करा. बसायला जागा व्हावी म्हणून मी राखेच्या हातानंच ओसरीतलं एक पोतं सरकवायला उठले.

बाई भिंतीला धरून उठल्या. सावकाश दाराशी आल्या. सगळ्यात पुढं होती तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

“घरी जा, बेटा,” त्या म्हणाल्या. आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

पोरी हलल्या नाहीत. कडेवर भाऊ असलेली माझ्याकडं वळून म्हणाली, “मावशी, आमाला का न्हाई?”

दाराआड बाई वाचायला लागल्या होत्या. मी त्या पोरींच्या मागं जाऊन उभी राहिले आणि जेवढं ऐकू येत होतं तेवढं त्यांच्याबरोबर ऐकत राहिले.